दोन झाकणं, अर्धी बादली

फ्रिज भिंतीपासून हातभर पुढे ओढून ती त्याच्या मागे शिरली, गुडघ्यांवर बसली आणि फरशीच्या कोपऱ्यात ब्रश घासायला लागली. फ्रिजमागे डोकावणारा पाहुणा अजून जन्माला यायचा होता. पण दहा वाजता हवा तपासणाऱ्या बाई येणार होत्या, आणि हवा काय, फ्रिजमागेही असतेच. कोपरा घासून झाल्यावर तिने बादलीत आणखी अर्धं झाकण ओतलं. बाटली जांभळी होती, झाकण पांढरं.

"आई, हवाताई आली की मला उठव हं," आतल्या खोलीतून खारू म्हणाली. एवढ्या वाक्यात तिला एकदा मध्ये थांबावं लागलं.

"बोलू नकोस. पडून राहा."

खारू सात वर्षांची. दोन वर्षांपूर्वीपर्यंत जिन्याच्या कठड्यावरून अशी सुळकन खाली यायची की शेजारणींच्या काळजाचा ठोका चुकायचा, म्हणून हे नाव पडलं. आता चौथ्या मजल्यावर यायला तिला दोनदा पायरीवर बसावं लागे. दम्याचा पंप दप्तरात, दुसरा उशीखाली, तिसरा आईच्या पिशवीत. एवढं असून या सत्रात शाळेत जेमतेम वीस दिवस भरले होते.

हवाताई हे नावही खारूचंच. ती आरोग्य केंद्रातून दम्याच्या मुलांच्या घरी जाणारी बाई होती. आठ दिवसांपूर्वी तिने आतल्या खोलीतल्या कपाटावर डब्याएवढी एक पांढरी पेटी ठेवली होती आणि सांगितलं होतं, "नेहमीसारखंच वागा. पेटी आहे हे विसरून जा." सांगायला काय जातं! घरात परीक्षक आणून बसवायचा आणि वर त्याला विसरा म्हणायचं. त्या दिवसापासून फरशी दोनदाऐवजी तीनदा पुसली जाऊ लागली.

फरशीतलं तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. अकरा वर्षं ती रुग्णालयात सफाईचं काम करत होती. नर्सबाईंनी तिचं नाव 'चकाचक' ठेवलं होतं. तिच्या वॉर्डातली फरशी अशी असे की एक तरुण डॉक्टर तिच्यात बघून भांग पाडतो, अशी अफवा होती. घर तर सोन्याहून पिवळं. खारूच्या डॉक्टरांनी एकदा विचारलं होतं, "घर स्वच्छ ठेवता ना?" तेव्हा शेजारी बसलेला नवराच हसून म्हणाला होता, "डॉक्टर, आमच्याकडे माशीसुद्धा पाय पुसून येते." डॉक्टरही हसले. पुढे कोणी काही विचारलं नाही.

दाराची घंटा वाजली तेव्हा ती फ्रिज जागेवर ढकलत होती.

हवाताई आत आली, दोन पावलं टाकून थांबली आणि लागोपाठ तीनदा शिंकली. रुमालाने डोळे पुसत म्हणाली, "खिडकी उघडू का जरा?"

"उघडत नाही ती. पट्टी लावलीय." खिडक्यांच्या फटींवर सगळीकडून रुंद चिकटपट्टी बसवलेली होती, कडा नखाने घोटून. "रस्त्याची धूळ येते. डॉक्टर म्हणाले, धुळीला जपा."

"केव्हापासून?"

"झाले चार महिने."

हवाताईने खोलीभर नजर फिरवली. पडदे नाहीत, सतरंजी नाही, उशांना अभ्रेसुद्धा प्लास्टिकचे. खारूची बाहुली प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून खुंटीला टांगलेली. "आत्ता काही पुसलंत का?" तिने विचारलं.

"मघाशीच. का, राहिलंय कुठे?"

"नाही. वास येतोय म्हणून विचारलं."

"कसला वास?"

हवाताईने तिच्याकडे नीट पाहिलं, मग पेटी कपाटावरून काढली, वायर जोडली आणि जेवायच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. खारू उठून आईला चिकटून उभी राहिली. पडद्यावर एक निळी रेघ आली. रेघ कुठे जमिनीला टेकलेली, कुठे एकदम उभी चढलेली.

"ही रेघ म्हणजे हवेत किती रसायन आहे ते. हा मंगळवार. सकाळी सहाला वर गेली, बघा. उतरते न उतरते तोच दुपारी चारला परत. रात्री आठला परत. बुधवारी तेच. शुक्रवार, शनिवार, तेच." हवाताईचं बोट मागे आलं. "आणि हा गुरुवार."

गुरुवारी रेघ सकाळपासून झोपेपर्यंत सपाट होती.

"हिची फुंकायची वही आहे ना?"

खारू वही घेऊन आली. दिवसातून तीनदा नळीत जोराने फुंकायचं आणि काटा कुठवर गेला तो आकडा लिहायचा, हे काम तिचं होतं. आकडा चांगला आला की ती बाजूला हिरवी चांदणी काढायची. हवाताईने पानं उलटली. चार महिन्यांत चांदण्या मोजक्याच होत्या, पण होत्या त्या एकाच रांगेत, गुरुवारच्या, एकाखाली एक. दवाखान्यात वही दर वेळी पाहिली जायची. सगळ्यात वाईट आकडा शोधायचा आणि औषध वाढवायचं. चांदण्या कोण बघतो?

"गुरुवारी तुम्ही काय करत नाही?" हवाताईने विचारलं.

तिने रेघेकडे पाहिलं, मग वहीकडे. "गुरुवारी मी घरीच नसते," ती म्हणाली. "आमच्याकडे शस्त्रक्रिया विभागाची मोठी धुलाई असते. पहाटे साडेचारला निघते, ती रात्रीच येते. ह्यांची सुट्टी असते, हे असतात घरी."

"आणि फरशी?"

"ह्यांच्या हातून कसली फरशी पुसली जातेय!"

खारू लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवत होती.

बाटली हवाताईने स्वतःच मागून घेतली आणि मागची बारीक अक्षरं वाचली. "किती घालता?"

"आमच्याकडे वॉर्डात एक झाकण, पूर्ण बादली. घरी मी दोन घालते. अर्ध्या बादलीला." आणि नंतर, जणू चुकून काही राहून जाऊ नये म्हणून, "आधी एकच घालायची. मग वासच येईना. वास नाही म्हणजे लागू पडलं नाही, असं वाटायचं. म्हणून वाढवलं."

"नाकाला सवय होते, ताई. वास असतो, नाकाला कळत नाही. वॉर्ड मोठे, दारं सताड उघडी. इथे दोन खोल्या आणि खिडक्या बंद. हे सगळं तिच्या छातीत जातं. दमा तिला आहेच, तो काही यामुळे झाला असं मी म्हणत नाही. पण रोज तीन वेळा तो उठवला जात होता."

"मग पुसू कशाने?"

"साध्या पाण्याने. फार तर थोडा साबण. आणि खिडक्या उघडा, गर्दीची वेळ टळली की."

आईने पेन घेऊन खारूच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं: साधं पाणी. खिडक्या. अक्षर नेहमीसारखं ठसठशीत आलं. आता आपल्याला काहीतरी व्हायला हवं, असं तिला वाटलं. दाढ बधिर केल्यावर जीभ फिरवून पाहावी तसं तिने आत चाचपून पाहिलं. काहीच नव्हतं. खारूला रुग्णालयात ठेवलं होतं त्या तीन दिवसांपासून हे असंच होतं. शेजारच्या वॉर्डातली फरशी पुसता पुसता ती काचेतून लेकीच्या तोंडावरचा प्राणवायूचा मुखवटा बघत होती, आणि नर्सबाई म्हणत होत्या, अगं रडून घे. तेव्हा जे आत गोठलं ते गोठलंच.

"एक विचारू?" ती म्हणाली. "जिन्यात कोणी सिगरेट ओढली तर?"

"तीही वाईटच. कोण ओढतं?"

"आता कोणी नाही. सासरे ओढायचे. दिवसाला तीन, खालच्या वळणावर उभे राहून. चार महिन्यांपूर्वी नणंदेकडे पाठवलं त्यांना." ती थांबली. "ते गेल्यावर एकोणीस दिवसांनी हिला दवाखान्यात ठेवावं लागलं. आम्हाला वाटलं, धूर भिंतींत मुरलाय. म्हणून मी त्यांच्या खोलीच्या भिंती धुतल्या."

"याने?"

"याने. तीन झाकणं. आणि हिला तिथे झोपवलं."

हवाताईने बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि ती दाराबाहेर नेऊन ठेवली. निघताना चपला घालत म्हणाली, "माझ्या यादीत अशी पुष्कळ घरं आहेत. आळशी आयांची पोरं या बाबतीत सुखी." तिने हसायला जागा करून दिली होती. चकाचकबाई हसली नाही, पण जिन्याचा दिवा लावून द्यायला विसरली नाही.

नवरा दुपारी चारला आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि ज्या इमारतीत लिफ्ट नाही तिथेच राहायचा. यावर तो स्वतःच सगळ्यांच्या आधी विनोद करून घेई. खिडक्या उघड्या दिसल्यावर तो दारातच थबकला. तिने त्याला बसू दिलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. रेघ, चांदण्या, गुरुवार.

तो पान्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता.

"म्हणजे अप्पा..." तो म्हणाला.

"अप्पा नव्हते. मी होते."

"हळू बोल." आतल्या खोलीत खारू झोपली होती. "हे बघ, त्यांना यातलं काही सांगू नकोस. खारूला बरं आहे म्हणून या, एवढंच मी फोनवर सांगतो. ते येतील. खूश होतील."

"त्यांना वाटेल आपण माफ केलं त्यांना."

"वाटू दे ना! त्यात कुणाचं काय जातंय?" त्याने पिशवी खाली ठेवली. "बसमध्ये त्यांना मी बसवलं. तू नव्हतीस. खिडकीतून मला म्हणाले, तुझ्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं. आता जाऊन काय सांगू मी? की उगाच गेलात?"

तिने त्यावर काही म्हटलं नाही. त्याने तो होकार धरला.

पुढचे दिवस ती साध्या पाण्याने फरशी पुसत राहिली. पुसून झाल्यावर उभी राहून बघत राही. फरशी होती तशीच दिसायची, पण काम झाल्यासारखं वाटायचं नाही. हात सवयीने बाटलीच्या जागेकडे जाई आणि रिकामा परत येई. खिडकीतून फोडणीचे, डिझेलचे, कुणाच्या तरी ओल्या कपड्यांचे वास येत असणार. तिला त्यातला एकही लागत नव्हता. खारू मात्र सांगायची. "आई, खालच्यांचं दूध उतू गेलं." आणि खरंच गेलेलं असायचं. वहीत मंगळवारी चांदणी आली, बुधवारी आली. पहिल्या शनिवारी खारू तीन मजले न बसता चढली आणि चौथ्याला बसली, तीही दम लागला म्हणून नाही, मांजर दिसलं म्हणून. औषध चालूच होतं, पंप होते तिथेच होते. पण पोर वाक्य पुरं करू लागली होती. आईला हे सगळं दिसत होतं. आनंद कुठे व्हायचा असतो ती जागा तिला आठवत होती, एवढंच.

तेराव्या दिवशी, रविवारी सकाळी, अप्पा आले.

दार तिनेच उघडलं. अप्पा उंबऱ्यापासून दोन पायऱ्या खाली उभे होते. हातात तीच कापडी बॅग. आयुष्यभर छापखान्यात यंत्रावर उभं राहिलेला ताठ माणूस, पण आता खांदे थोडे पुढे आले होते. बॅग खाली ठेवून ते शर्टाची बटणं काढायला लागले.

"अप्पा, आत या ना. हे काय करताय?"

"थांब. स्टँडवर एकजण शेजारी उभा राहून ओढत होता. कपड्यांना लागला असेल." बॅगेतून त्यांनी एक धुतलेला शर्ट काढला. तो प्लास्टिकच्या पिशवीत होता, पिशवीला गाठ. "दुसरा आणलाय. तुझ्या नणंदेला सांगून वेगळा धुऊन घेतला. पोरगी कशी आहे?"

"बरी आहे. अंघोळ करतेय."

"मी चार महिन्यांत एकसुद्धा ओढली नाही. खोटं वाटेल तुला."

"नाही वाटत."

"वाटलं तरी चालेल. मी सांगायचो ना, जिन्यात ओढतो, जिन्यात ओढतो! म्हातारा मूर्ख होता." ते पिशवीची गाठ सोडवत होते, ती सुटत नव्हती. "तू मला काढलंस ते बरं केलंस. कोणीतरी करायला हवं होतं. नाहीतर पोरीचं काय झालं असतं, हा विचार येतो आणि मी उठून बसतो. आणि वर परत बोलावलंस. मोठ्या मनाची आहेस, बाई."

मागून नवऱ्याचा आवाज आला. "अप्पा, चला, आत चला, चहा टाकलाय." तो तिच्या मागे येऊन उभा राहिला होता आणि त्याचा हात तिच्या पाठीला हलकेच लागला होता. गप्प राहा, असं तो हात म्हणत होता.

रुग्णालयात ड्यूटी बदलताना येणाऱ्या बाईला सगळं सांगून मगच जायचं असतं. कुठे काय सांडलं, कुठे काय फुटलं, कोणाच्या हातून. का झालं ते सांगायचं नसतं. अकरा वर्षांत तिने एकदाही काही झाकून ड्यूटी सोडली नव्हती. ती त्याच आवाजात बोलायला लागली.

"अप्पा, ते तुमच्या धुराने नव्हतं. मी फरशी पुसायची त्या औषधाने होतं. एक झाकण पूर्ण बादलीला घालायचं असतं. मी दोन घालायची, अर्ध्या बादलीला. खिडक्या बंद करून. सकाळी आणि दुपारी. तुम्ही गेल्यावर तुमची खोली त्यानेच धुतली आणि तिला तिथे झोपवलं. म्हणून ती बरी होत नव्हती. आता बंद केलंय. तेरा दिवस झाले. तिला बरं आहे."

पाठीवरचा हात निघून गेला.

अप्पांची बोटं गाठीवर थांबली होती. त्यांनी ती सोडवली. शर्ट काढला, झटकला, एक हात घातला, दुसरा घातला. वरून खालपर्यंत सगळी बटणं लावली. मग तिच्या खांद्यावरून लेकाकडे पाहिलं.

"तुला कधी कळलं?"

"तेरा दिवस," लेक म्हणाला. तो पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

"चार महिने," अप्पा म्हणाले. कोणाला उद्देशून, ते कळलं नाही. "चार महिने मी तिला फोनवरसुद्धा जास्त बोलू दिलं नाही. म्हटलं, दम लागेल." त्यांचा जबडा एकदा हलला.

ती वाट बघत उभी राहिली. ते शिव्या देतील, बॅग उचलून खाली उतरतील, काहीही करतील. जे करतील ते तिचंच होतं. तिला भीतीही वाटत नव्हती.

अप्पा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. गुडघे कटकन वाजले.

"दवाखान्यातही हेच औषध का गं?"

"हो."

"किती वर्षं?"

"अकरा."

"आणि इथे दिवसातून दोनदा. खाली वाकून." ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. "आमच्याकडे छपाईच्या रुळावरची शाई धुवायला एक पाणी असायचं. सगळे म्हणायचे, काही होत नाही, सवय होते." मग त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. रागावून पाहावं तसंच पाहिलं. "त्या बाईने पोरीला तपासलं, हवेला तपासलं. तुला कोणी तपासलं?"

"मला?"

"मग कुणाला? सगळ्यांत जास्त ते तूच ओढलंस की! तुझी छाती कशी आहे, पोरी?"

बरी आहे, हे दोन शब्द तयारच असतात. तिने ते म्हणायला श्वास घेतला. श्वास अर्ध्यावर अडला. तिने भिंतीला हात लावला आणि पुन्हा घेऊन पाहिला.

"माहीत नाही," ती म्हणाली. "माहीत नाही हो, अप्पा." आणि तिचा आवाज, जो चार महिने एकदाही हलला नव्हता, जिन्यात चारही मजल्यांना ऐकू जाईल असा फुटला.